वाचकांचे प्रश्न : आपल्या माघारी आपली ओळख

या महिन्यात स्वतंत्र सल्लागार म्हणून काम करणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे आली. क्षेत्रे निरनिराळी असली तरी तक्रार एकच आहे : काम चांगले होते, लोक तोंडभरून कौतुक करतात, पण त्या कौतुकातून पुढचे काम येत नाही. त्यांपैकी तीन पत्रांना येथे उत्तर देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी सातपूर येथे वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात २४ वर्षे नोकरी केली. दोन वर्षांपूर्वी स्वेच्छानिवृत्ती घेऊन सल्लागार झालो. माझ्या कार्डावर आयएसओ प्रमाणन, फाइव्ह एस, कायझेन, व्हेंडर डेव्हलपमेंट, कामगार प्रशिक्षण, खर्चकपात आणि ऊर्जाबचत अशी सर्व कामे लिहिली आहेत, कारण मला ती सर्व येतात. आतापर्यंत सहा कामे मिळाली. त्यांपैकी चार अंबडमधील लहान मशीन शॉप आणि प्रेस शॉपची होती. त्यांच्या मोठ्या ग्राहकाने माल परत पाठवला होता. चारही मालक समाधानी आहेत, भेटले की ‘साहेब, तुमचे नाव सगळीकडे सांगतो’ म्हणतात. पण वर्षभरात त्यांच्याकडून एकही फोन आलेला नाही. कार्डावर आणखी सेवा घालाव्यात का? ज्यांच्यामार्फत काम येईल त्यांना कमिशन द्यावे का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाचे वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात. सहापैकी चार कामे एकाच प्रकारची होती आणि ती चारही मालकांना पटली. तुमच्या कार्डावर मात्र त्या कामाचा उल्लेखच नाही. त्यामुळे कार्डावर आणखी काही घालण्याऐवजी बरेचसे काढावे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण थोडे विस्ताराने सांगतो.

कोणी आपले नाव सुचवतो तेव्हा आपण तिथे हजर नसतो. अंबडमधील दोन कारखानदार एखाद्या लग्नात शेजारी जेवायला बसतात आणि एक जण म्हणतो, ‘परवा अख्खा लॉट परत आला. आता कारण लिहून मागतात. दोनदा लिहून दिले, दोन्ही वेळा परत पाठवले.’ ऐकणाऱ्याच्या मनात त्याच क्षणी तुमचे नाव आले पाहिजे. दुसऱ्या दिवशी सुचून उपयोग नसतो, कारण तोपर्यंत विषय मागे पडलेला असतो. आता पाहा, त्या जेवणाऱ्या कारखानदाराने ‘व्हेंडर डेव्हलपमेंट’ हा शब्द उच्चारलेला नाही, ‘कायझेन’ही नाही. हे शब्द आपल्या शिक्षणातले आणि नोकरीतले आहेत. अडचणीतला माणूस त्याच्या त्रासाच्या शब्दांत बोलतो, आणि ऐकणाऱ्याला ते दोन शब्दसंग्रह जोडता आले नाहीत तर तुमचे नाव त्याच्या ओठांवर येत नाही. तुमचे चारही मालक खोटे बोलत नाहीत. ते तुमचे नाव खरोखरच सांगत असतील. ‘आमच्याकडे एक साहेब येतात, क्वालिटीचे सगळे करतात, फार चांगले आहेत’ एवढेच सांगत असतील. या वाक्याने कोणी फोन उचलत नाही, कारण ‘सगळे करतात’ म्हणजे नेमक्या कोणत्या वेळी बोलवायचे, हे त्यातून कळत नाही.

म्हणून त्यांच्या तोंडी देता येईल असे एक वाक्य तुम्हीच तयार करा. मला सुचते ते असे : ‘मोठ्या गाडी-कंपनीकडून माल परत आला आणि तिने लेखी उत्तर मागितले, की या साहेबांना बोलवा.’ या वाक्यात कोणासाठी आणि कोणत्या वेळी, या दोन्ही गोष्टी आहेत. तुमची पदवी, अनुभवाची वर्षे आणि पद्धतींची नावे त्यात नाहीत, आणि नसलेलीच बरी. फोन आल्यावर ती सांगायला भरपूर वेळ मिळतो. वाक्य जमले की नाही हे तपासायचे असेल, तर ते कारखान्याशी संबंध नसलेल्या एखाद्या नातेवाइकाला एकदाच सांगा आणि आठवड्याने ‘मी काय काम करतो?’ असे विचारा. त्यांनी परत सांगताना जे गाळले असेल, ते बाहेरही गळणार आहे.

हा विषय नाशिकमध्ये विशेष महत्त्वाचा का आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. १९६४ मध्ये ओझरचा विमान कारखाना स्थापन झाला, पुढे सातपूर आणि अंबड येथे मोटारी, इंजिनाचे भाग, टायर आणि विजेची उपकरणे बनवणारे मोठे कारखाने उभे राहिले, आणि त्यांना माल पुरवणाऱ्या लहान कारखान्यांचे जाळे त्यांच्याभोवती विणले गेले. वाहन उद्योगात २०१६ पासून आयएटीएफ १६९४९ हे गुणवत्ता व्यवस्थापनाचे मानक लागू आहे. माल नाकारला गेला की कारणाचा शोध ठरावीक पद्धतीने घेऊन तो कागदावर मांडण्याची अपेक्षा त्यातूनच खालच्या पुरवठादारापर्यंत पोहोचते. अनेक ग्राहक एट-डी पद्धतीचा अहवाल मागतात. ही आठ टप्प्यांची पद्धत फोर्ड कंपनीने १९८७ मध्ये पुस्तिकेच्या रूपाने मांडली आणि नंतर ती सगळीकडे पसरली. अंबडमधील १५ माणसांच्या कारखान्याचा मालक स्वतः उत्तम कारागीर असतो, पण हा अहवाल त्याला लिहिता येत नाही. तो मूळ कारणाच्या रकान्यात ‘कामगाराची चूक’ आणि उपायाच्या रकान्यात ‘कामगाराला समज दिली’ असे लिहितो, आणि ग्राहकाकडचा अभियंता ते परत पाठवतो. भाग खराब का झाला हा एक प्रश्न असतो आणि तो आपल्या तपासणीतून सुटला कसा हा दुसरा, हे त्या मालकाला कोणी समजावून सांगितलेलेच नसते. शिवाय पहिले निकडीचे काम वेगळेच असते : ग्राहकाकडे पडलेला, वाटेत असलेला आणि आपल्या गोदामातला सगळा माल बाजूला काढून तपासायचा, म्हणजे आणखी खराब भाग पुढे जाणार नाहीत. हे तुम्ही चार ठिकाणी करून दाखवले आहे. अशा वेळी मालकाला पुढच्या ऑर्डरची चिंता रात्रभर झोपू देत नाही. तेव्हा उपयोगी पडलेला माणूस तो विसरत नाही.

तुम्ही लिहिले नसले तरी एक भीती तुमच्या मनात असणार : एवढेच काम सांगितले तर बाकीची कामे हातची जातील. माझा अनुभव याच्या उलट आहे. आपल्या जुन्या नाशकात तांबट आळीत लोक कल्हईसाठी जात आणि तिथे गेल्यावर घंगाळही पाहत. ज्या मालकाचा परत आलेला माल तुम्ही मार्गी लावाल, तोच तीन महिन्यांनी कामगारांच्या प्रशिक्षणाबद्दल आणि प्रमाणनाबद्दल विचारील, कारण आता तो तुम्हाला ओळखतो. ओळख करून देणाऱ्याच्या तोंडी एकच काम असावे. ओळख झाल्यावर कामे कितीही असू शकतात. मी स्वतः व्यवसायाच्या पहिल्या दोन वर्षांत ही चूक केली. माझ्या कार्डावर ११ सेवा होत्या आणि ज्या एका मित्राने मनापासून माझी शिफारस केली, त्याला समोरच्याने ‘ते नक्की काय करतात?’ असे विचारल्यावर उत्तर देता आले नाही. त्या मित्राला अवघडून टाकल्याची खंत मला आजही वाटते.

आता तुमच्या चार मालकांचे मौन. त्याचे दुसरेही एक कारण आहे आणि ते सहसा कोणी उघड बोलत नाही. ते एकमेकांचे स्पर्धक आहेत. एकाच ग्राहकाला तोच भाग पुरवणाऱ्या शेजाऱ्याला चांगला सल्लागार कोण सांगेल? तशी अपेक्षा ठेवणेही योग्य नाही. म्हणून ज्यांना हा त्रास सर्वांआधी दिसतो, पण ज्यांची स्पर्धा नाही, अशी माणसे शोधा. डाय (भागाला आकार देणारा साचा) दुरुस्त करणारा टूलरूमवाला, गेज म्हणजे मापनाची साधने कॅलिब्रेट करून देणारी प्रयोगशाळा, प्लेटिंग आणि हीट ट्रीटमेंटचे जॉबवर्क करणारे, यंत्रांच्या दुरुस्तीला येणारा सर्व्हिस इंजिनिअर, आणि कारखान्याचे हिशेब पाहणारे चार्टर्ड अकाउंटंट. माल परत आला की पहिला फोन अनेकदा टूलरूमवाल्याला जातो आणि पहिला दोष त्याच्याच डायला दिला जातो, म्हणून तुमचे नाव सुचवण्यात त्याचाही स्वार्थ असतो. अशा दहा जणांना प्रत्यक्ष भेटा, ते एक वाक्य सांगा आणि निघा. नाइस, निमा किंवा आयमा या उद्योजकांच्या संस्थांच्या कार्यक्रमांना जरूर जा, पण तिथे १०० कार्डे वाटण्यापेक्षा या दहा जणांकडे वर्षातून तीन-चार वेळा जाणे मला अधिक फलदायी वाटते. ग्राहक-कंपनीतील पुरवठादारांची गुणवत्ता तपासणाऱ्या अभियंत्यांकडे मात्र शिफारस मागू नका. त्यांनी आपणहून नाव घेतले तर ठीक. तुम्ही मागितले तर त्यांच्या निःपक्षपातीपणावर बोट ठेवले जाईल.

कमिशनबद्दल माझे उत्तर ठाम नकाराचे आहे. शिफारस करणारा स्वतःचा शब्द टाकत असतो, आणि त्याला पैसे मिळतात हे कळले की त्या शब्दाला किंमत राहत नाही. वैद्यकीय व्यवसायातील ‘कट प्रॅक्टिस’बद्दल, म्हणजे रुग्ण पाठवल्याच्या कमिशनबद्दल, महाराष्ट्रात लोकांच्या मनात किती राग आहे, हे आपण पाहतोच. चार्टर्ड अकाउंटंटच्या बाबतीत तर हा कायद्याचाही प्रश्न आहे : १९४९ च्या चार्टर्ड अकाउंटंट कायद्याच्या पहिल्या परिशिष्टानुसार चार्टर्ड अकाउंटंट संस्थेचा सदस्य नसलेल्या व्यक्तीच्या व्यावसायिक कामातील नफ्याचा वाटा स्वीकारणे, काही मोजके अपवाद वगळता, गैरवर्तन ठरते. तुम्ही चांगल्या मनाने देऊ केलेला वाटा त्यांना अडचणीत आणू शकतो.

पैशांऐवजी त्यांना दोन गोष्टी द्या. पहिली म्हणजे जोखीम कमी करा. ‘साहेब एक दिवस येऊन पाहतात, त्याची अमुक इतकी फी घेतात, आणि पुढे काम घ्यायचे की नाही ते दोघे मिळून ठरवतात’ असे त्यांना सांगता आले पाहिजे. फी किती, हे ठाऊक नसेल तर शिफारस करणाऱ्याची जीभ अडखळते. दुसरी गोष्ट म्हणजे निरोप. त्यांच्या सांगण्यावरून फोन आला की त्याच दिवशी त्यांना कळवा, आणि काम संपल्यावर ग्राहकाचे गुपित न उघडता एवढे सांगा की काम नीट पार पडले. निरोप न मिळालेला माणूस दुसऱ्यांदा नाव सुचवत नाही. त्याला राग आलेला असतो असे नाही. आपण सुचवलेल्या माणसाने काय केले हे ठाऊक नसल्यामुळे तो मुकाट राहतो.

प्रश्न : मी कृषी पदवीधर आहे आणि तीन वर्षांपासून पिंपळगाव बसवंत परिसरात शेतकऱ्यांना एकरी फी घेऊन सल्ला देते. द्राक्ष हे मुख्य पीक, पण टोमॅटो, कांदा आणि डाळिंबाचाही सल्ला देते. दोन कृषी सेवा केंद्रांचे मालक मला बरेच शेतकरी पाठवायला तयार आहेत; त्यांची अट एवढीच आहे की माझ्या चिठ्ठीवर त्यांच्याकडे मिळणारी औषधे असावीत. घरचे म्हणतात, सुरुवातीला हे मान्य करायला काय हरकत आहे?
– एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : ताई, हरकत मोठी आहे. दुकानातला सल्ला फुकट मिळत असताना शेतकरी तुम्हाला एकरी फी देतो, कारण तुम्हाला औषध विकायचे नसते. ती अट मान्य केली की फी देण्याचे कारणच संपते. द्राक्षपट्ट्यात कोणाच्या चिठ्ठीवर कोणत्या दुकानाचे औषध असते, हे एका हंगामात सर्वांना कळते.

मालकांना दुखावण्याचीही गरज नाही. चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी औषधातील सक्रिय घटकाचे नाव, प्रमाण आणि काढणीपूर्वी किती दिवस फवारणी थांबवायची, एवढेच लिहा. शेतकरी हवे तिथून घेईल, त्यात त्यांचीही दुकाने आलीच. हे त्यांना स्वतः जाऊन, नम्रपणे आणि शक्यतो हंगाम सुरू होण्यापूर्वी सांगा.

‘औषध विकत नाही’ हा तुमच्या ओळखीचा अर्धा भाग झाला. दुसरा अर्धा भाग म्हणून मी निर्यातीच्या बागा सुचवीन. २०१० मध्ये वेलीची वाढ रोखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडल्यामुळे युरोपात आपली द्राक्षे अडवली गेली. त्या वर्षाची आठवण निफाड-दिंडोरीच्या जुन्या बागायतदारांसमोर काढली तर आजही आवाज खाली येतो. सगळी मेहनत झालेली असते, घड तयार असतात आणि रेसिड्यूचा, म्हणजे मालात उरलेल्या औषधांच्या अंशांचा, रिपोर्ट फेल येतो. यापेक्षा मोठी धास्ती निर्यातीच्या बागायतदाराला नसते. एप्रिलच्या खरड छाटणीपासून काढणीपर्यंत कोणत्या दिवशी काय मारायचे, काय मारायचे नाही, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशींच्या यादीशी ते जुळते का, आणि प्रत्येक फवारणीची नोंद वहीत आहे का, हे एकाच व्यक्तीने पाहणे ही स्वतंत्र सेवा आहे. डाऊनी आणि भुरी या द्राक्षावरील रोगांवर सल्ला देणारे पुष्कळ आहेत. भर पावसात डाऊनीचा जोर असताना शेजाऱ्याने मारले म्हणून घाबरून काहीतरी मारू नका, असे सांगून त्याची जबाबदारी घेणारे थोडे असतात. शेतकऱ्याच्या तोंडी वाक्य असे बसेल : ‘युरोपला माल पाठवायचा असेल तर या ताईंना बोलवा, औषध विकत नाहीत आणि वही स्वतः तपासतात.’

कारखान्यांपेक्षा तुमचे क्षेत्र एका बाबतीत भाग्यवान आहे. कारखानदार आपला सल्लागार लपवतो. बागायतदाराची बाग बांधावरून सर्वांना दिसते आणि चर्चासत्रात तो आपले अनुभव मोकळेपणाने सांगतो. त्यामुळे निफाडपासून दिंडोरीपर्यंत विखुरलेल्या ४० बागांपेक्षा लगतच्या दोन-तीन गावांतल्या १५ बागा घेतल्या तर नाव लवकर पसरते, शिवाय पाऊस झाल्यावर त्याच दिवशी प्रत्येक बागेत पोहोचता येते. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीच्या आधी शेतकरी वर्षाचे निर्णय घेत असतो. तेव्हा गेल्या हंगामातल्या एखाद्या बागेची नोंदवही, मालकाच्या परवानगीने, गावातल्या बैठकीत उघडून दाखवा. तुमच्याकडे आज असलेले टोमॅटो आणि कांद्याचे शेतकरी सोडू नका. त्यांचे काम चोख करा. नवीन ठिकाणी ओळख सांगताना मात्र फक्त द्राक्ष आणि निर्यात एवढेच सांगा. पहिल्या हंगामात उत्पन्न थोडे कमी होण्याची शक्यता आहे, आणि घरच्यांना त्याची कल्पना आधीच द्यावी, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

प्रश्न : मी लहान कारखान्यांना ईआरपी प्रणाली (खरेदी, साठा, उत्पादन आणि हिशेब एकत्र पाहणारे सॉफ्टवेअर) निवडून देण्याचे आणि ती बसवताना मालकाच्या बाजूने देखरेख करण्याचे काम करतो. पुण्यातले जुने सहकारी माझे नाव आवर्जून सुचवतात, पण फोन येतात ते वेबसाइट बनवून द्या, संगणक दुरुस्त करून द्या, असे. नाही म्हटले तर मित्र दुखावतील, हो म्हटले तर माझे काम मागे पडते. काय करावे?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : मित्रांच्या मनात तुमची ओळख ‘संगणकाचे काम करणारा’ अशी आहे, एवढाच या फोनांचा अर्थ. तुम्ही नोकरीत होता तेव्हाची ती ओळख आहे आणि ती बदलण्याचे काम तुम्हालाच करावे लागेल. चुकीचा फोन आला की त्याच दिवशी तीन गोष्टी करा : फोन करणाऱ्याला त्या कामाच्या योग्य माणसाकडे पाठवा, मित्राचे आभार माना आणि त्याच निरोपात तुमचे वाक्य लिहा. असे काही : ‘तू माझे नाव सुचवलेस, मनापासून आभार. त्यांना वेबसाइट हवी होती, म्हणून त्या कामातल्या एका चांगल्या माणसाचा नंबर दिला आहे. मी सध्या फक्त अशा कारखानदारांसाठी काम करतो, ज्यांनी ईआरपीवर पैसे खर्च केले पण स्टोअरचा साठा आणि संगणकातला साठा अजून जुळत नाही. असे कोणी भेटले तर जरूर सांग.’ साठा न जुळण्याची तक्रार पुण्यातला मित्र चाकणच्या कोणत्याही कारखान्यात ऐकू शकतो, आणि ती ऐकली की त्याला तुमची आठवण येईल. मित्र तुमच्यावर रुसणार नाही, कारण त्याने पाठवलेल्या माणसाचे काम झालेले असेल. हा निरोप एकदा पाठवून भागत नाही. प्रत्येक चुकीच्या फोनला, प्रत्येक मित्राला तोच निरोप त्याच शब्दांत पाठवत राहा. शब्द दर वेळी बदलू नका, कारण मित्राला ते पाठ व्हायचे आहेत.